पसंतीक्रमाचे शास्त्र: वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्यांचे विवेचन

२०२४ साली नीट परीक्षेत ६०० गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा क्रमांक ८० हजारांच्या आसपास होता. २०२५ साली तेवढेच गुण मिळवणारा विद्यार्थी पहिल्या दीड हजारात होता. पहिल्याला खुल्या प्रवर्गातून महाराष्ट्रातली सरकारी जागा दुरापास्त होती, दुसऱ्यापुढे देशातली बहुतेक सगळी दारे उघडी होती. तरीही निकालाच्या दिवशी घरी येणारा प्रत्येक फोन एकच विचारतो, ‘किती पडले?’ प्रवेशाच्या दृष्टीने या प्रश्नाला अर्थ नाही. निकाल लागला की गुणांचे काम संपते आणि क्रमांकाचे सुरू होते.

नीटची परीक्षा आणि वैद्यकीय प्रवेश या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, हे आपल्याकडे पुरेसे लक्षात घेतले जात नाही. परीक्षा मे महिन्यात एका दुपारी, तीन तासांत संपते. प्रवेश जून-जुलैपासून दिवाळीपर्यंत चालतो. परीक्षेसाठी मुले दोन-दोन वर्षे लातूरला, नांदेडला, कोट्याला खोली घेऊन राहतात. प्रवेशासाठी मात्र कुटुंब फार तर दोन संध्याकाळी देते, त्याही कोणाच्या तरी मोबाइलवर आलेल्या कट-ऑफच्या याद्या चाळण्यात जातात. २०२५ मध्ये २२ लाखांवर विद्यार्थी परीक्षेला बसले आणि त्यांपैकी १२ लाखांवर ‘पात्र’ ठरले. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे. ती रांग पुढे कशी सरकते आणि तिच्यात आपल्या हातात काय असते, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या प्रक्रियेत जी शक्ती अंदाज बांधण्यावर खर्च होते ती जवळपास वाया जाते. विद्यार्थ्याच्या हातात खरोखर तीन गोष्टी असतात: कागदपत्रे, पसंतीक्रमाची यादी आणि मिळालेली जागा धरायची की सोडायची हा निर्णय. या तिन्हींना नियम आहेत आणि ते नियम शिकता येतात.

दोन दारे कशी झाली

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दोन दारांनी जाता येते. पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयातली एखादी जागा अखिल भारतीय कोट्यातली असते आणि ती दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. तिच्या शेजारच्या बाकावरची जागा राज्य कोट्यातली असते आणि ती मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, भरतो. शिक्षक तेच, रुग्णही तेच, तरी दारे दोन.

ही दारे कोणी आराखडा काढून बांधलेली नाहीत, न्यायालयाच्या निकालांतून ती एकेक करून तयार झाली. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याने सगळ्या जागा आपल्याच रहिवाशांसाठी राखणे बरोबर नाही, काही जागा देशभरातल्या गुणवंतांना खुल्या हव्यात. त्या वेळी हे प्रमाण ३० टक्के ठरले, १९८६ मध्ये दिनेशकुमार खटल्यात ते एकूण जागांच्या १५ टक्क्यांवर आले. तेच १५ आणि ८५ आजही चालू आहे. २०२१ पासून या १५ टक्क्यांतही केंद्राने ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण लागू केले. एम्स, अभिमत विद्यापीठे आणि केंद्रीय संस्था यांच्या जागाही एमसीसीकडेच आहेत.

नीटचा इतिहासही असाच वळणावळणाचा. २०१३ साली परीक्षा झाली आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, आणि राज्याच्या सीईटीचा अभ्यास केलेली महाराष्ट्रातली मुले परीक्षेच्या तोंडावर नीटपुढे उभी राहिली. शेवटी केंद्राच्या अध्यादेशाने त्या एका वर्षापुरती राज्यांना सूट मिळाली. त्या उन्हाळ्यात घराघरांत जी घालमेल झाली ती ज्यांनी पाहिली, त्यांना प्रवेशाचे नियम ऐनवेळी बदलू शकतात हे कायमचे कळले.

राज्याच्या दारातही बदल होत आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देण्याची पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. आता संपूर्ण राज्याची गुणवत्ता यादी एकच असते. तरीही काही छोट्या वाटा शिल्लक आहेत: डोंगरी भाग, सैनिकांची मुले, अपंग विद्यार्थी, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांतली मराठी मुले. बेळगाव, निपाणी, कारवारकडच्या कित्येक घरांना ही शेवटची वाट माहीतच नसते, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम केला.

कागद

गुणवत्ता यादीत नाव असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा कागदामुळे. आणि ज्या कागदाला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याची आठवण सर्वांत उशिरा होते.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून किंवा सेतू केंद्रातून काही दिवसांत मिळते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राला मुदत असते, ती चालू वर्षाच्या ३१ मार्चच्या पुढची आहे की नाही एवढे तपासले की झाले. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत फरक असेल, कुठे वडिलांचे नाव गाळलेले असेल, कुठे आडनावाची वेलांटी चुकलेली असेल, तर ती दुरुस्ती फॉर्म भरण्याआधी करायची असते, पडताळणीच्या खिडकीसमोर नव्हे. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिली असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते. ही सगळी कामे एका आठवड्यात उरकतात.

जात वैधता प्रमाणपत्राचे तसे नाही. राज्याच्या फेऱ्यांत राखीव प्रवर्गाचा लाभ घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीची वैधता लागते. समितीला ठरावीक तारखेच्या आधीचे पुरावे हवे असतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रवेशासाठी तिच्या आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा शोधावा लागतो. शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर दुसऱ्या केंद्रशाळेत गेलेले असते. मग गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायची, नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायचे, आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडायचे. चुलत्याची किंवा सख्ख्या भावंडाची वैधता आधी झालेली असेल तर वाट बरीच सोपी होते. नसेल तर दक्षता पथकाची गृहचौकशीही होऊ शकते. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत आणि तिथे प्रकरणे फार रेंगाळतात. ज्या घराकडे जमीन नाही, जुने कागद नाहीत, पिढ्यान्पिढ्या भटकंती आहे, त्या घराकडूनच सर्वांत जुना कागद मागितला जातो. हा अन्याय आहे असे मला स्पष्ट वाटते. पण तो दूर होईपर्यंत उपाय एकच: अकरावीत विज्ञान शाखेला प्रवेश घेतला की महाविद्यालयामार्फत अर्ज करून टाकायचा. बारावीनंतर अर्ज करणाऱ्याच्या हातात वेळ उरत नाही.

दुसरी अडचण प्रवर्गांची. राज्याची यादी आणि केंद्राची यादी सारखी नाही. धनगर समाजाची मुलगी राज्यात एनटी-सी असते आणि वंजारी समाजाचा मुलगा एनटी-डी, पण एमसीसीच्या दारात दोघेही ओबीसी असतात. मराठा विद्यार्थ्याला २०२४ च्या कायद्याने राज्यात एसईबीसी प्रवर्ग आहे, केंद्रात तो प्रवर्ग नाही. तिथे तो खुल्या गटात येतो किंवा उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल, गटात. केंद्राच्या दाखल्यांचा नमुनाही निराळा असतो. शिवाय नीटच्या अर्जात भरलेला प्रवर्गच पुढे एमसीसीकडे जातो, म्हणून हा विचार निकालानंतर नव्हे, अर्ज भरतानाच करावा लागतो. प्रत्येक राखीव विद्यार्थ्याने दोन संच ठेवावेत, एक राज्याच्या नमुन्यातला आणि एक केंद्राच्या.

अपंग विद्यार्थ्यांसाठी नेमून दिलेल्या केंद्रांकडूनच तपासणी करून घ्यावी लागते. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगितले की ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व आहे एवढ्याच कारणाने प्रवेश नाकारता येणार नाही, हा विद्यार्थी शिक्षण पूर्ण करू शकेल का हे मंडळाने तपासायला हवे. ‘टक्केवारी जास्त आहे’ असे म्हणून कोणी परत पाठवले तर हा निकाल पुढे ठेवावा.

यादी

आता गाभ्याकडे येऊ.

पसंतीक्रमाची यादी भरताना जवळजवळ प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येते: ‘मुंबईचे जीएस महाविद्यालय काही मिळणार नाही, उगाच पहिला नंबर कशाला वाया घालवायचा?’ मग मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून जे ‘मिळण्यासारखे’ वाटते ते पहिल्या क्रमांकावर लिहिले जाते. या वाक्यामागे एक समजूत आहे. पहिली पसंती वाया गेली की दुसऱ्या पसंतीवरचा आपला हक्क कमी होतो आणि ती जागा तिला पहिली पसंती देणाऱ्याकडे जाते, अशी ती समजूत. ती साफ चुकीची आहे. ती का चुकीची, हे नीट सिद्ध करता येते.

फेरीत काय घडते ते पाहा. संगणक गुणवत्ता यादीच्या पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो. त्या विद्यार्थ्याच्या यादीत वरून खाली जातो आणि जी पहिली शिल्लक जागा दिसेल ती देतो. मग दुसरा क्रमांक, मग तिसरा. समजा तुमचा क्रमांक १२०० आहे. तुमची पाळी येते तेव्हा कोणत्या जागा शिल्लक आहेत हे तुमच्या आधीच्या ११९९ जणांनी ठरवलेले असते. तुमच्या यादीत काय आहे याचा त्या शिल्लक जागांवर काडीचाही परिणाम होत नाही. क्रमांक १२०१ ने मिरज पहिल्या पसंतीला लिहिले असेल आणि तुम्ही सातव्या, तरी मिरजेची शेवटची जागा आधी तुम्हालाच विचारली जाते. आता तुमची यादी तुमच्या खऱ्या आवडीच्या क्रमाने असेल, तर शिल्लक जागांपैकी तुम्हाला सर्वांत आवडणारी जागा मिळते. यादीत फेरफार केला असेल, तर तीच जागा मिळते किंवा तिच्याहून कमी आवडीची. तिसरी शक्यता नाही. खोट्या यादीने फायदा कधीच होत नाही, तोटा मात्र होऊ शकतो.

आरक्षणामुळे एकाच महाविद्यालयात खुल्या, राखीव आणि मुलींच्या जागांच्या निरनिराळ्या रांगा होतात आणि रचना गुंतते. पण वर लिहिलेले, न मिळालेले महाविद्यालय खाली लिहिलेल्या जागेच्या आड येत नाही, हा गाभा तसाच राहतो.

या विषयाला मोठी परंपरा आहे, आणि ती सुरू झाली डॉक्टरांच्याच नेमणुकांपासून. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालयांत जागा देण्यासाठी १९५२ साली एक मध्यवर्ती पद्धत सुरू झाली. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेशांवर एक छोटा निबंध लिहिला. दोन्ही बाजूंच्या पसंती घेऊन अशी वाटणी नेहमीच करता येते की जिच्यावर कोणत्याही विद्यार्थी-संस्था जोडीला ‘आम्हा दोघांना याहून चांगले जमले असते’ अशी तक्रार करता येणार नाही, हे त्यांनी त्यात सिद्ध केले. डॉक्टर आपल्या अनुभवातून ज्या पद्धतीला पोचले होते तिचे तर्कशास्त्र तेच आहे, हे ऑल्विन रॉथ यांनी १९८४ साली दाखवले. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या सगळ्या अभ्यासातला विद्यार्थ्याच्या कामाचा भाग असा: पद्धत नीट रचलेली असेल तर विद्यार्थ्याला डावपेच लढवावे लागत नाहीत, आपल्या मनातले खरे लिहिले की पुरते.

मग मागच्या वर्षीच्या कट-ऑफचा उपयोग काय? फार थोडा. गुणांचा कट-ऑफ निरुपयोगी, हे २०२४ आणि २०२५ च्या आकड्यांनी दाखवले आहेच. क्रमांकाचा कट-ऑफ बरा, पण जागांची संख्याच बदलते. २०२४ मध्ये एकट्या महाराष्ट्रात दहा नवी सरकारी महाविद्यालये सुरू झाली: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. त्या वर्षी आदल्या वर्षाच्या क्रमांकांवर विसंबून यादी आखडती घेणाऱ्यांनी स्वतःचेच नुकसान केले. मानसिक तयारीसाठी, पैशांच्या जुळवाजुळवीसाठी कट-ऑफ जरूर पाहावा. यादीचा क्रम लावताना तो मिटून ठेवावा.

यादी खरी असावी याची दुसरी बाजूही आहे. जी जागा मिळाली तरी घेणार नाही, ती लिहूच नये. न परवडणारे खासगी महाविद्यालय ‘राहू दे खाली’ म्हणून लिहिले आणि तेच लागले, तर पुढच्या फेरीतली वाट अडू शकते. आवडीने आणि ऐपतीने जिथे जाऊ शकतो अशी सगळी महाविद्यालये, मग ती तीस असोत की पन्नास, आणि त्यापुढे एकही नाही.

राहिला प्रश्न आवडीचा. आवड कशावरून ठरवावी? माझे उत्तर: रुग्णांवरून. एमबीबीएस साडेचार वर्षांचे आणि आंतरवासिता एक वर्षाची. या काळात विद्यार्थी जे शिकतो त्याचा मोठा भाग वॉर्डात शिकतो. परळचे केईएम आणि त्याला जोडलेले १९२६ चे जीएस, भायखळ्याचे जेजे आणि १८४५ चे ग्रँट, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी इथे सकाळी ओपीडीसमोर जी रांग लागते तीच तिथली खरी प्रयोगशाळा. अंबाजोगाईसारख्या लहान गावातल्या महाविद्यालयाने अर्ध्या शतकात जे डॉक्टर घडवले, ते त्या परिसरातल्या रुग्णांच्या बळावर. पुण्या-मुंबईतले पालक अंबाजोगाई, यवतमाळ, धुळे ही नावे यादीत खूप खाली ढकलतात. नव्याने सुरू झालेल्या पण घराजवळच्या महाविद्यालयाला ती वर ठेवतात. मला हा क्रम बहुतेक वेळा उलटा वाटतो. नव्या महाविद्यालयांपैकी काही उत्तम होतील, पण आज त्यांतल्या अनेकांकडे जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत आहे, अपुरे शिक्षक आहेत आणि वसतिगृह कधी भाड्याचे आहे. नवे महाविद्यालय यादीत वर लिहिण्याआधी तिथे एकदा जाऊन यावे. अधिष्ठात्यांना नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे: शरीररचनाशास्त्राला शिक्षक किती, शवविच्छेदनाला एका टेबलाभोवती किती जण उभे असतात, वॉर्डात रुग्णाला हात लावू देतात का.

मुलींच्या पालकांचा अंतराचा प्रश्न मी हलका मानत नाही. वसतिगृह आवारातच आहे का, रात्रपाळीत डॉक्टरांच्या खोलीला कडी आहे का, वॉर्ड ते वसतिगृह रस्त्यावर दिवे आहेत का, हे प्रश्न कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये कामावरच्या डॉक्टर तरुणीची हत्या झाली त्यानंतर कोणीही विचारायला हवेत. पण हे प्रश्न घराजवळच्या महाविद्यालयालाही विचारायचे असतात. अंतर कमी असले म्हणजे सुरक्षितता आपोआप येत नाही.

यादीचा पहिला मसुदा मुलाने किंवा मुलीने एकट्याने, कागदावर लिहावा. आईवडिलांनी तो वाचून शंका विचाराव्यात, खर्चाची मर्यादा स्पष्ट सांगावी. मामा, क्लासचे सर आणि शेजारचे डॉक्टर यांचा सल्ला त्यानंतर घ्यावा. संकेतस्थळावर यादी चढवून लॉक केल्यावर तिची प्रत काढून मूळ कागदाशी ओळीने ओळ ताडून पाहावी.

फेऱ्या आणि दोन वेळापत्रके

एकच फेरी असती तर लेख इथेच संपला असता. पण पहिल्या फेरीनंतर दुसरी येते, तिसरी येते, शेवटी उरलेल्या जागांची स्ट्रे फेरी येते, आणि ‘मनातले खरे लिहा’ या नियमाला इथे एक पुरवणी जोडावी लागते. पुढच्या फेरीत वरची पसंती लागली की हातातली जागा आपोआप जाते, ती परत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातल्या जागेहून जे खरोखर अधिक आवडते तेवढेच ठेवायचे. नुसते नाव मोठे म्हणून एखादे लिहिले आणि तेच लागले, तर ते स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसते.

राज्याच्या फेरीत मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शन अर्ज भरतात. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघते. हा अर्ज अनेकदा भीतीपोटी भरला जातो, ‘आहे तेही जाईल’ म्हणून. वास्तविक पुढच्या फेरीत वरचे काही लागले नाही तर हातातली जागा हातातच राहते. जाते ती वरचे लागले तरच. त्यामुळे यादीत हातातल्या जागेच्या वर काही उरले असेल तर हा अर्ज भरण्याची घाई करू नये. ज्यांना खरेच तिथेच राहायचे आहे त्यांच्यासाठी तो आहे.

एमसीसीच्या फेऱ्यांत बाहेर पडण्याची किंमत फेरीगणिक चढत जाते. पहिल्या फेरीत जागा लागून रुजू झाले नाही तरी काही जात नाही. दुसऱ्या फेरीत रुजू न झाल्यास अनामत जप्त होते. ही अनामत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या गटाला १० हजार आणि राखीव गटांना ५ हजार आहे, अभिमत विद्यापीठांसाठी मात्र २ लाख. तिसऱ्या फेरीनंतर जागा धरलेल्याला बाहेर पडता येत नाही, आणि स्ट्रे फेरीत लागलेली जागा नाकारणाऱ्यावर पुढच्या वर्षासाठीही बंदी येते. म्हणून अभिमतची फी भरण्याची ऐपत नसताना ‘बघू तरी’ म्हणून तिथे नोंदणी करणे हा महागडा खेळ ठरतो.

आता सर्वांत अवघड गाठ. एमसीसी आणि सीईटी सेल यांची वेळापत्रके एकमेकांना खेटून चालतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. अखिल भारतीय कोट्यातून नागपूर लागलेल्या विद्यार्थिनीला राज्याच्या दुसऱ्या फेरीत पुणे लागू शकते किंवा नाहीही. तिला नागपूर धरून ठेवायचे की सोडायचे हे पुण्याचा निकाल येण्याआधी ठरवावे लागते. इथे गणित मदतीला येत नाही, कारण दोन्ही दारांसाठी मिळून एक यादी देण्याची सोयच नाही. अशा वेळी मी एकच कसोटी सुचवतो: हातातल्या जागेवर साडेपाच वर्षे आनंदाने काढता येतील का? येतील असे वाटत असेल तर ती धरा आणि दुसरीकडची वाट सोडा. नसेल तर अनामतीची रक्कम गेलेली समजूनच पुढच्या फेरीत उतरा. आणि कोणत्याही परिस्थितीत दोन्ही संस्थांची त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, कारण राजीनाम्याच्या तारखा आणि अटी दरवर्षी थोड्या बदलतात.

फेऱ्यांच्या रचनेत एक मूळचा दोषही आहे. सुरुवातीला चांगल्या क्रमांकाचा विद्यार्थी जागा धरून बसतो. नंतर वरची जागा रिकामी होते आणि ती त्याच्या मागच्या क्रमांकाला मिळते. ३१ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशाची मॉप-अप फेरी याच कारणाने रद्द केली, कारण आधीच्या फेऱ्यांत न दाखवलेल्या १४६ जागा शेवटी आल्या होत्या आणि वरच्या क्रमांकांना त्या मागण्याची संधीच मिळाली नव्हती.

पैसा

सरकारी आणि महापालिका महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क दीड लाखाच्या आतबाहेर, खासगीचे सात-आठ लाखांपासून पुढे, अभिमतचे वीस लाखांच्या वर. खासगीतल्या ८५ टक्के जागांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, उरलेल्या संस्थात्मक आणि अनिवासी जागांचे त्याच्या कित्येक पट असते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण ते केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतल्यासच. संस्थात्मक कोटा आणि अभिमत विद्यापीठ त्यात येत नाही. त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज प्रवेशानंतर लगेच भरावा. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर राज्यात एक वर्षाची सामाजिक उत्तरदायित्व सेवा आहे. ती ओझे मानू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातले ते वर्ष डॉक्टर घडवते.

आणि एजंट. खासगी असो की अभिमत, व्यवस्थापन कोटा असो की स्ट्रे फेरी, एमबीबीएसची प्रत्येक जागा नीटच्या गुणवत्तेवर, अधिकृत प्रक्रियेतूनच भरली जाते. ‘तुमची सीट करून देतो’ म्हणणाऱ्याकडे विकायला जागा नसते. दिलेले पैसे परत येत नाहीत आणि तक्रार करायला पावतीही नसते.

एक यादी

अभियांत्रिकीत आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश वर्षानुवर्षे वेगळे चालत. जागा अडत, रिकाम्या राहत, मुले दोन्हीकडे धावत. २०१५ पासून जोसा या एकत्रित मंडळाने दोन्हींसाठी एकच पसंतीक्रम घेणे सुरू केले. परीक्षांचे क्रमांक वेगळे राहिले, आरक्षणे वेगळी राहिली, फक्त विद्यार्थ्याची यादी एक झाली. वैद्यकीय शिक्षणात हे का होत नाही? २०२३ च्या पदवी वैद्यकीय शिक्षण नियमावलीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभर समान समुपदेशनाची तरतूद केली होती. राज्यांना ती आपल्या अधिकारावरचे आक्रमण वाटली आणि ती अमलात आली नाही. राज्यांची भीती अनाठायी नाही. कोटा, आरक्षण आणि अधिवासाचे नियम राज्याच्याच हातात राहायला हवेत. पण ते राज्याकडे ठेवूनही यादी एकत्र घेता येते, कारण यादी एकत्र करणे म्हणजे जागा एकत्र करणे नव्हे. अखिल भारतीय कोट्यातले नागपूर चौथे आणि राज्य कोट्यातले पुणे दुसरे, असे एकाच कागदावर लिहिता आले तर जागा धरायची की सोडायची ही जीवघेणी कोंडी आपोआप सुटते, आणि शेवटच्या फेऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांचा अन्यायही बराच कमी होतो.

महाराष्ट्राने ही मागणी स्वतःहून पुढे करावी. सीईटी सेल आणि एमसीसी यांनी निदान पहिल्या दोन फेऱ्यांसाठी एकत्रित पसंतीक्रम घेण्याचा प्रयोग करावा, आणि अनुसूचित जमातींच्या व भटक्या-विमुक्तांच्या वैधता समित्यांनी अकरावीतल्या अर्जांचा निकाल बारावीच्या परीक्षेआधी देण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. या दोन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही.